सोलापुरात रंगमंचावरचा विनोद कुठे, केव्हा आणि कसा पाहावा

सोलापुरात विनोदी कार्यक्रम प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा झाली, तर आधी कॅलेंडर काढावे आणि मग पत्ता शोधावा. मुंबई-पुण्यात शनिवारी संध्याकाळी घराबाहेर पडले, की कुठे ना कुठे पडदा उघडतच असतो. सोलापुरात त्या भरवशावर निघालेला माणूस बहुधा नाट्यगृहाच्या बंद दारावरचा पुढच्या आठवड्याचा फलक वाचून घरी परततो. शहराला विनोदाचे वावडे आहे, असा मात्र याचा अर्थ मुळीच नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा बाजारात एकमेकींत सहज मिसळत असल्यामुळे येथे टिंगलटवाळीला कधी तोटा पडलेला नाही. फक्त तिचे रंगमंचावरचे रूप हंगामाने येते, निरनिराळ्या नावांनी येते आणि पुष्कळदा जाहिरातीत ‘विनोदी’ हा शब्दसुद्धा नसतो. दौऱ्यावरचे व्यावसायिक नाटक, हौशी मंडळींची स्पर्धा, महाविद्यालयीन प्रहसन, जत्रेतला वग, वारीतले भारूड, हास्य कवी संमेलन आणि अलीकडच्या काळातला स्टँडअप, या सगळ्यांत हा विनोद विखुरलेला आहे. त्यांतील काय आपल्याला रुचेल आणि ते गाठण्यासाठी काय करावे लागेल, ते येथे सांगितले आहे.

हुतात्मा स्मृती मंदिर आणि दौऱ्यावरची नाटके

सुरुवात हुतात्मा स्मृती मंदिरापासून करावी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेले महापालिकेचे हे नाट्यगृह शहराच्या मध्यवर्ती भागात, पार्क चौकाच्या परिसरात आहे, आणि बाहेरगावचे मोठे नाटक आले, की ते बहुतेक वेळा येथेच लागते.

दौऱ्याचे गणित समजून घेतले, तर नाटक येण्याचा अंदाज आधीच बांधता येतो. नेपथ्याचे सामान वाहणारी गाडी, नट आणि तंत्रज्ञांची बस, सर्वांचा मुक्काम आणि जेवणखाण हा सारा खर्च एका प्रयोगाच्या उत्पन्नातून निघणे कठीण असते, त्यामुळे मुंबई-पुण्याची नाट्यसंस्था शक्य तितके दोन-चार गावांचे प्रयोग जोडूनच बाहेर पडते. म्हणून सांगली, कोल्हापूर किंवा लातूर येथे एखादे विनोदी नाटक लागल्याचे कळले, की त्याच आठवड्यात सोलापूरची चौकशी करावी. प्रयोग सुट्टीच्याच दिवशी असेल, असेही धरून चालू नये. अनेकदा स्थानिक ठेकेदार ठरलेली रक्कम देऊन प्रयोग विकत घेतो आणि तिकीटविक्रीची जोखीम स्वतःवर घेतो. जाहिरातीतला दूरध्वनी क्रमांक अशा वेळी त्या ठेकेदाराचा असतो, आणि प्रयोग रद्द झाला किंवा पुढे ढकलला गेला, तर पैसे परत मिळवण्यासाठी त्याच्याकडेच जावे लागते. तिकिटाचा अर्धा भाग म्हणूनच जपून ठेवावा.

बातमी कळण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आजही वर्तमानपत्र हेच आहे. ‘संचार’ हे सोलापूरचे दैनिक आणि मोठ्या दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या यांतल्या नाटकांच्या जाहिराती आठवड्यातून दोनदा तरी चाळाव्यात, आणि येता-जाता नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर नजर टाकावी. तिकिटे बुकमायशो किंवा तिकीटालय यांसारख्या ॲपवर मिळतात. पण काही खुर्च्या ॲपसाठी आणि काही खिडकीसाठी अशी वाटणी पुष्कळदा केलेली असते, त्यामुळे ॲपवर सर्व जागा भरलेल्या दिसल्या, तरी खिडकीवर जाऊन खुर्च्यांचा प्लॅन पाहायला हरकत नाही. नाटकाच्या तिकिटाचा दर माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. ॲपचे सेवाशुल्क मात्र वेगळे असते आणि चार-पाच जणांचे कुटुंब असेल, तर ते जाणवते. खिडकीवर जाण्याचा एक फायदा हाही आहे.

जाहिरात वाचण्याचीही एक रीत आहे. ‘धमाल’, ‘तुफान’, ‘हास्याचा महापूर’ या शब्दांवरून काहीच कळत नाही, कारण ते सर्वच जाहिरातींत असतात. लेखक आणि दिग्दर्शक यांची नावे शोधावीत. मालिकेतून ओळखीच्या झालेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे मोठी आणि लेखकाचे नाव भिंगातून वाचावे इतके बारीक असेल, तर जरा थांबून चौकशी करावी. प्रयोगाचा क्रमांक दिलेला असेल, तर तो अवश्य पाहावा. विनोदी नाटक प्रेक्षकांसमोर घासून घासूनच घडते: कोणत्या वाक्याला हशा येतो, तो किती वेळ टिकतो, पुढचे वाक्य कधी उचलायचे, हे तालमीत कळत नाही. शंभर प्रयोग ओलांडलेल्या नाटकातली विनोदाची जागा सहसा पक्की झालेली असते, मात्र त्याच्या पुढे कधीतरी एक वेळ अशीही येते, की नटांना स्वतःचेच विनोद पाठ झाल्याचा कंटाळा येतो आणि ते संहितेबाहेरच्या कोट्या करून एकमेकांना हसवू लागतात. काही प्रेक्षकांना तेच अधिक आवडते. मला ते तिकिटाचे पैसे घेऊन केलेले खासगी स्नेहसंमेलन वाटते.

खुर्ची निवडताना पहिल्या दोन रांगांचा मोह टाळावा. तेथून मान वर करून पाहावे लागते, एका वेळी एकच नट दिसतो आणि विनोदी नाटकात तर वाक्य बोलणाऱ्यापेक्षा ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय घडते, ते अधिक मोलाचे असते. पाचव्यापासून बाराव्या रांगेपर्यंतच्या मधल्या खुर्च्या उत्तम. त्याचे आणखी एक कारण ध्वनीचे आहे. हशा उसळला, की कडेच्या आणि मागच्या खुर्च्यांवर पुढचे वाक्य बुडते. चांगला नट हशा उतरण्याची वाट पाहतो, पण सर्वच नट तेवढे थांबत नाहीत. प्रयोग अर्धाच भरला असेल, तर तिसऱ्या घंटेनंतर द्वारपालाला विचारून पुढे सरकावे. विरळ बसलेले प्रेक्षक हसायला संकोचतात आणि त्याचा परिणाम रंगमंचावरही होतो.

रात्रीचा प्रयोग संपायला साडेअकरा-बारा वाजणे अगदी साधी गोष्ट आहे. त्या वेळी शहर बससेवेवर विसंबून राहू नये. स्वतःचे वाहन नसेल, तर परतीच्या रिक्षाची व्यवस्था आधीच करून ठेवावी. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वर यात्रेमुळे होम मैदानाच्या आसपासची वाहतूक बदललेली असते आणि वाहन उभे करायला जागा मिळणे अवघड होते. त्या दिवसांत नाट्यगृहात जायचे असेल, तर गाडी दूर लावून चालत येणे बरे.

हौशी मंडळींचा हंगाम

व्यावसायिक नाटकापेक्षा मी ज्याची शिफारस अधिक आग्रहाने करीन, ती राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची. राज्य शासनाचे सांस्कृतिक कार्य संचालनालय ही स्पर्धा भरवते, तिची परंपरा १९५० च्या दशकापासूनची आहे आणि प्राथमिक फेरीच्या केंद्रांत सोलापूरचा समावेश असतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, रोज एक या क्रमाने नाटके होतात आणि तिकीट नाममात्र असते. एका व्यावसायिक नाटकाच्या तिकिटात संपूर्ण कुटुंबाने तीन-चार संध्याकाळी नाटके पाहावीत, इतका हा फरक आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचे, तर स्पर्धेत विनोदी नाटके कमी असतात. गंभीर विषयाला परीक्षक अधिक गुण देतात, अशी हौशी संस्थांची जुनी समजूत आहे, आणि त्यामुळे ज्या मंडळींना तालमीत एकमेकांना हसवताना आवरणे कठीण जाते, तीच मंडळी स्पर्धेत मृत्यू, फाळणी आणि दुष्काळ यांच्याकडे वळतात. म्हणून निवड करावी लागते. स्पर्धेचे वेळापत्रक वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते, त्यात नाटकाचे, लेखकाचे आणि संस्थेचे नाव असते. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेच्या स्थानिक शाखेतील कार्यकर्त्यांना किंवा नाट्यगृहाबाहेर चहा घेत उभ्या असलेल्या कोणत्याही नाट्यवेड्याला विचारले, तर कोणत्या रात्री हसायला मिळेल, ते अचूक कळते. शहरात अशा नाट्यवेड्यांची कमतरता नाही. ‘नाट्य आराधना’ या संस्थेत अतुल कुलकर्णी यांच्यासारख्या अभिनेत्याचे आरंभीचे काम झाले, आणि जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील १०० व्या नाट्य संमेलनाचा विभागीय सोहळा जानेवारी २०२४ मध्ये सोलापुरातही झाला.

या स्पर्धेचे खरे आकर्षण बोलीचे आहे. पुण्या-मुंबईच्या नाटकात सोलापूरचा माणूस आला, तर तो बहुधा नोकर, ड्रायव्हर किंवा पोलीस हवालदार असतो आणि त्याच्या तोंडी एक सर्वसाधारण ‘ग्रामीण’ भाषा घातलेली असते, जी प्रत्यक्षात कोणत्याच गावात बोलली जात नाही. येथील हौशी लेखक मात्र शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यातली तेलुगू वळणाची मराठी, अक्कलकोटकडची कन्नड हेलाची मराठी आणि बाजारातली दखनी उर्दू यांतला फरक कानाने ओळखतो, आणि नुसत्या हेलाच्या बदलावर प्रेक्षागृह हसवतो. हा विनोद दूरचित्रवाणीवर येणार नाही, कारण चार जिल्हे ओलांडले, की तो समजावून सांगावा लागतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. नटांचे नातेवाईक, शेजारी आणि कचेरीतले सहकारी मोठ्या संख्येने येतात व ‘चहा घेणार का?’ या वाक्यालासुद्धा टाळी देतात. त्यांच्या घोळक्यापासून चार रांगा दूर बसले, तर आपल्याला नेमके कशाचे हसू येते आहे, ते नीट कळते.

महाविद्यालयांतील दहा मिनिटे

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ साली झाली आणि संपूर्ण जिल्हा हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात प्रहसन, मूकाभिनय, नकला, पथनाट्य, एकांकिका अशा स्पर्धा होतात. आंतरविद्यापीठीय स्तरावरील नियमांनुसार प्रहसनाला दहा मिनिटे आणि जास्तीत जास्त सहा कलाकार, तर नकलांना एकच कलाकार आणि पाच मिनिटे मिळतात. हा आखूडपणा विनोदाला फार मानवतो. दहा मिनिटांत पात्रांची ओळख, गुंता आणि शेवट हे सगळे बसवायचे असल्याने उगाच लांबवलेला एकही प्रसंग चालत नाही. फसलेले प्रहसन दहाच मिनिटांत संपते, ही सोयही आहेच. बाहेरच्या प्रेक्षकाने प्रवेशाविषयी यजमान महाविद्यालयात आधी विचारावे. घरात किंवा ओळखीत एखादा विद्यार्थी असेल, तर काम सोपे होते.

स्टँडअप पाहायचा असेल तर

एक माणूस, एक माइक आणि मागे कोरा पडदा, हा प्रकार सोलापूरच्या प्रेक्षकांना मोबाइलमुळे चांगलाच परिचयाचा झाला आहे. तो प्रत्यक्ष पाहण्याच्या संधी मात्र अनियमित असतात आणि त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रापेक्षा इन्स्टाग्रामवर आणि तिकिटांच्या ॲपवर दिसतात. ॲपमध्ये शहर म्हणून सोलापूर निवडून ‘कॉमेडी’ या विभागावर महिन्यातून एकदा नजर टाकावी, आणि जे विनोदकार आवडतात, त्यांच्या पानांवर दौऱ्याच्या तारखा पाहाव्यात. मोठ्या नावाचा कार्यक्रम नाट्यगृहात होतो. मध्यम आकाराच्या कार्यक्रमाला डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहासारखी जागा सोयीची पडते. ओपन माइक एखाद्या कॅफेत किंवा वर्गासारख्या खोलीतही होऊ शकतो.

ओपन माइक म्हणजे काय, ते ठाऊक करून घेऊनच जावे. त्यात अनेक जण प्रत्येकी चार-पाच मिनिटे आपला नवा मजकूर तपासून पाहतात. त्यातला बराचसा पडतो, आणि पडण्यासाठीच तो कार्यक्रम असतो. तेथे जाऊन ‘पैसे वसूल झाले नाहीत’ असे म्हणणे म्हणजे तालमीला जाऊन पोशाख नव्हते अशी तक्रार करण्यासारखे आहे. पूर्ण तयार कार्यक्रम हवा असेल, तर एकाच कलाकाराचे नाव आणि साधारण एक तासाचा अवधी दिलेला आहे का, ते पाहावे. वयोमर्यादाही तपासावी. अनेक कार्यक्रम सोळा किंवा अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी असतात, आणि आजी-आजोबांना घेऊन गेल्यावर मधूनच उठण्यापेक्षा आधी त्या कलाकाराच्या दोन चित्रफिती पाहणे शहाणपणाचे. पहिल्या रांगेत बसणाऱ्याला नाव, नोकरी, लग्न यांविषयी प्रश्न विचारले जाणार, हे नक्की समजावे. ते नको असेल, तर चौथ्या रांगेच्या मागे बसावे. मोबाइलवर चित्रण करू नये. कलाकार तोच मजकूर पुढे कित्येक महिने गावोगाव सादर करणार असतो आणि फुटलेला विनोद पुन्हा हसवत नाही.

बाहेरून आलेला बहुतेक प्रत्येक विनोदकार पहिल्या पाच मिनिटांत शेंगा चटणी, चादर, उन्हाळा आणि ‘बे’ हे सोलापुरी संबोधन यांवर काहीतरी बोलतो व टाळ्या मिळवतो. त्यावरून मत बनवू नये. गावाचे कौतुक संपल्यानंतर त्याच्याकडे स्वतःचे म्हणून काय उरते, ते पाहावे.

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांमधले कलाकार एकत्र येऊन जो मंचीय कार्यक्रम करतात, तो स्टँडअपही नव्हे आणि नाटकही नव्हे. त्यात दोन-तीन प्रहसने, नृत्ये, गाणी, सत्कार आणि प्रायोजकांची भाषणे यांचे मिश्रण असते. गणेशोत्सव, नवरात्र किंवा कोजागरीच्या निमित्ताने मंडळे व संस्था असे कार्यक्रम ठेवतात, पुष्कळदा ते विनामूल्य असतात, आणि लहान मुलांना घेऊन जायला ते उत्तम आहेत. सत्काराला किती वेळ लागेल, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही, म्हणून दिलेल्या वेळेनंतर पाऊण तासाने पोहोचले, तरी सहसा काही हुकत नाही. गप्पांतून येणारा विनोद आवडत असेल, तर शिवछत्रपती रंगभवनात होणाऱ्या ‘प्रिसिजन गप्पा’सारख्या मुलाखतींच्या कार्यक्रमाकडे लक्ष ठेवावे, मुरलेला नट आठवणी सांगू लागला, की लिहिलेल्या विनोदाची गरज उरत नाही.

वग, बतावणी आणि सोंगाड्या

सोलापूर हे शाहीर राम जोशी यांचे गाव आणि लोकनाट्याला शहरी रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या लेखकांपैकी वसंत सबनीस यांचेही जन्मगाव. तेव्हा या जिल्ह्यात राहून तमाशातला विनोद प्रत्यक्ष न पाहणे ही मोठीच हुकलेली संधी ठरेल. पण त्यासाठी कुठे जायचे, याबाबत फार गोंधळ होतो, आणि तो आधी दूर केला पाहिजे.

पुणे-सोलापूर रस्त्यावर मोडनिंब येथे कला केंद्रे आहेत. तेथे चालते ती संगीत बारी: बैठकीची किंवा मंचावरची लावणी, ढोलकी, पेटी आणि अदाकारी. विनोद पाहण्यासाठी तेथे गेलेला माणूस निराश होईल, कारण ती जागा त्यासाठी नाही. विनोद असतो ढोलकी फडाच्या तमाशात, जो दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंतच्या हंगामात गावोगाव फिरतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांत सर्वाधिक दिसतो. गावाची यात्रा समिती फडाला सुपारी देऊन बोलावते, किंवा फड स्वतः तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतो. माहिती मिळवायची तर जत्रेच्या पत्रिका आणि एसटी स्थानकाजवळची भित्तिपत्रके वाचावीत, किंवा त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारावे.

खेळाचा क्रम ठाऊक असला, की विनोदाच्या जागा हुकत नाहीत. आधी गणपतीचे स्तवन म्हणजे गण होतो, मग गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात आणि गौळणींची मावशी, जी भूमिका पुरुष करतो, त्या दोघांशी हुज्जत घालते. ही हुज्जत लिहिलेली नसते. मावशी आणि पेंद्या त्या गावचा रस्ता, पाणीपुरवठा, सरपंचाचे नवे घर, उसाचे थकलेले बिल, काय वाटेल ते त्यात ओढतात. त्यानंतरची बतावणी म्हणजे दोघांचा शाब्दिक सामना: एकाने शहाणपणाने प्रश्न विचारायचा आणि सोंगाड्याने, म्हणजे फडातल्या विनोदी नटाने, तो अक्षरशः घेऊन उलटवायचा. चांगला सोंगाड्या दुपारीच गावात फिरून, चहाच्या टपरीवर बसून कोणाचे कोणाशी बिनसले आहे ते काढून घेतो आणि रात्री नाव न घेता असा बाण मारतो, की सगळा तंबू एकाच माणसाकडे वळून पाहतो. वग हे पूर्ण नाट्य असते आणि त्याचा विषय गंभीर असला, तरी त्यातही सोंगाड्याला मोकळीक असते. ज्यांना केवळ विनोद हवा आहे, त्यांनी गौळण आणि बतावणी चुकवू नये. वगाला थांबायचे की नाही, ते तेव्हा ठरवावे.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असल्यामुळे आणि विशेष परवानगीखेरीज ते शिथिल होत नसल्यामुळे खेळाची वेळ गावागणिक बदलते. कुठे संध्याकाळीच सुरुवात होते, तर कुठे दुसऱ्या दिवशी हजेरीचा खेळ दिवसा होतो. दिवसाच्या खेळाला कुटुंबासह जाणे सोयीचे. द्व्यर्थी संवाद असतात, हे मान्य करूनच जावे. ते ऐकवत नसतील, तर हा प्रकार आपल्यासाठी नाही, असे समजून सोडून द्यावा. तंबूत बसून नाके मुरडणे कलाकारांवर अन्याय करणारे आहे.

भारूड

भारुडाचा उल्लेख विनोदाच्या यादीत पाहून कुणी दचकेल, पण सोळाव्या शतकात संत एकनाथांनी लोकांना हसवत हसवत अध्यात्म सांगण्यासाठीच हे रूप घरोघरी पोहोचवले. सासू-सासऱ्यांना उचलून ने, असा देवीला नवस करणारी सून जेव्हा लुगडे नेसलेला, मिशा असलेला भारुडी रंगवतो, तेव्हा समोरच्या सासवाच सर्वांत मोठ्याने हसतात. मग तो थांबून त्या नात्यांचा अर्थ अहंकार, क्रोध असा उलगडू लागतो आणि हशा हळूहळू उतरत जातो.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यातून नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी या मार्गाने पंढरपूरला जाते आणि वेळापूरच्या टप्प्यावर भारूड सादर होण्याची परंपरा आहे. आषाढी एकादशीच्या चार-पाच दिवस आधी हे घडते, म्हणून पालखीचे त्या वर्षीचे वेळापत्रक पाहून सोलापुरातून पहाटेच निघावे आणि दुपारचे ऊन व वाहतूक बंद असण्याची तयारी ठेवावी. ज्यांना आषाढीइतकी गर्दी सोसत नाही, त्यांनी कार्तिकीला किंवा माघीला पंढरपूर गाठावे. सोलापूरहून हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. तेव्हा मठांतून आणि चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन-भारूड चालूच असते. गावोगावच्या हरिनाम सप्ताहातही विनोदी अंगाने कीर्तन करणारे महाराज बोलावले जातात. त्यांचा विनोद काही वेळा सुनांच्या पोशाखापलीकडे जात नाही, तेव्हा कीर्तनकाराविषयी आधी चौकशी करावी.

इतर भाषांतला विनोद

उर्दू मुशायऱ्यात ‘तंज़-ओ-मिज़ाह’ म्हणजे उपरोध आणि विनोदाची स्वतंत्र परंपरा आहे, आणि दखनी बोलीत शेर ऐकवणारा शायर असेल, तर उर्दू लिपी न येणाऱ्या सोलापूरकरालाही निम्म्याहून अधिक समजते. मुशायऱ्याच्या पत्रिकेत मिज़ाहिया शायराचे नाव वेगळे दिलेले असते. श्रोत्यांना जागे ठेवण्यासाठी त्याला सहसा मध्येच उभे करतात, त्यामुळे लवकर उठू नये. होळी-रंगपंचमीच्या सुमारास हिंदी हास्य कवी संमेलन होते का, याचीही चौकशी करावी.

सोलापुरात काहीच नसेल तेव्हा

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत सोलापूरचे वेळापत्रक रिकामे असते. तेव्हा पुण्याला एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे, फक्त गाडीच्या वेळा आधी पाहून मग नाटक निवडावे. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी लवकर निघून साधारण चार तासांत पुण्याला पोहोचते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परत निघते. बालगंधर्व रंगमंदिर किंवा कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह येथे दुपारी साडेबाराचा प्रयोग असेल, तर तो पाहून, जेवून, गाडीच्या वेळेआधी स्थानकावर आरामात पोहोचता येते. संध्याकाळी पाचचा प्रयोग घेतला, तर ही गाडी हुकणारच. रात्री साडेनऊचा प्रयोग किंवा उशिराचा स्टँडअप पाहायचा असेल, तर मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पुण्यावरून सुटून सकाळी सोलापूरला पोहोचते. तिचे आरक्षण शनिवार-रविवारी लवकर संपते, म्हणून नाटकाच्या तिकिटाआधी रेल्वेचे तिकीट काढावे.